स्थपतीचे शील

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी आणि कोंकणी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. कोणाचे आजोबा निजामाच्या अमदानीत नोकरीनिमित्त आले, कोणाचे वडील 1956 पूर्वी, मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता त्या काळी, शिक्षणासाठी आले, आणि अलीकडच्या पिढीतील मुले-मुली संगणकाच्या व्यवसायापायी आली. या सर्वांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे देवकार्य. आमच्या अशाच एका लहानशा मंडळाने शहराच्या सीमेवर घेतलेल्या जागेत देवालयाला लागून सभामंडप बांधावयाचे ठरविले, आणि त्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला त्याचा विचार वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आराखडा तयार करणारा वास्तुविशारद तरुण होता, हुशार होता आणि, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, प्रामाणिक होता. समितीच्या बैठकीत त्याने कागद पसरले आणि सांगितले की, हा आराखडा संगणकाच्या छाननीतून निर्दोष पार पडला आहे. सामासिक अंतरे, जिन्याची रुंदी, उंची, वाहनांची जागा, सर्व काही नियमात आहे. बैठकीत समाधानाची कुजबुज झाली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या दादांनी, ज्यांनी आयुष्यभर हैदराबादेत राहूनही आपली अंत्रुजी बोली सोडलेली नाही, शांतपणे विचारले, "हें कोणें थारायलें?" वास्तुविशारद म्हणाला, नियमांनी ठरविले. समितीचे चिटणीस म्हणाले, वास्तुविशारदाने ठरविले. वास्तुविशारद पुन्हा म्हणाला, मी तर समितीने सांगितले तसे काढले, आणि यंत्राने ते मान्य केले. पाच-सहा सुशिक्षित माणसे एका खोलीत बसली होती, आणि पाऊण कोटीच्या कामाचा निर्णय त्यांपैकी कोणीच घेतलेला नव्हता!

आता हे यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. संगणकशास्त्रज्ञ ज्याला तज्ज्ञप्रणाली म्हणतात तिची कल्पना फार जुनी नाही. एखाद्या विषयातील जाणत्या माणसाला प्रश्न विचारून त्याचे ज्ञान 'असे असेल तर तसे करावे' अशा शेकडो सुट्या नियमांत उतरवून घ्यावयाचे, आणि ते नियम एकामागून एक लावून निष्कर्ष काढण्याचे काम यंत्राकडे सोपवावयाचे, हे तिचे सार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 1965 साली रसायनशास्त्रासाठी 'डेंड्रल' या प्रणालीचे काम सुरू झाले. पुढे 1970 नंतरच्या दशकात तेथेच रक्तातील जंतुसंसर्गावर औषध सुचविणारी 'मायसिन' निघाली. तिच्यात सुमारे सहाशे नियम होते, आणि तिला 'हा प्रश्न मला का विचारतेस?' असे उलट विचारले असता ती आपले कारण सांगत असे. चाचणीत ती तज्ज्ञ वैद्यांच्या बरोबरीची ठरली. तरीही रुग्णालयाच्या नित्य व्यवहारात ती कधी आली नाही, आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे हा प्रश्न तिच्या वाटेतील मोठ्या अडचणींपैकी एक होता. दादांचा प्रश्न तो हाच! वास्तुविद्येतही हे प्रयोग झाले. उंच इमारतीच्या सांगाड्याचे पर्याय सुचवून त्यांची प्रतवारी लावणारी 'हाय-राइज' ही प्रणाली कार्नेगी-मेलन विद्यापीठात मेरी लू माहेर यांनी 1980 नंतरच्या दशकात रचली. आपल्या देशातही 1986 च्या सुमारास सरकारने या विद्येची केंद्रे काढली, आणि मुंबईच्या राष्ट्रीय केंद्रात तयार झालेल्या अशा एका साधनाला कोणी रसिकाने 'विद्वान' असे नाव ठेवले.

हैदराबादेत ही विद्या सामान्य घरमालकाच्या उंबरठ्याशी आली ती 2016 मध्ये, महानगरपालिकेने बांधकाम-परवान्यांचा कारभार संगणकावर नेला तेव्हा. नकाशा तपासणारी 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली पुण्याच्या एका कंपनीची होती, हे मराठी वाचकाला सांगण्यास हरकत नसावी. तिची रीत मोठी बोधप्रद आहे. वास्तुविशारदाने आपल्या रेखाचित्रातील प्रत्येक आकृतीला प्रथम यंत्राच्या परिभाषेतील नाव द्यावे लागते : ही भूखंडाची हद्द, हा रस्ता, हा मजला, ही खोली, हा जिना. ज्याला नाव दिले ते यंत्र मोजते, नियमाशी ताडून पाहते आणि चूक असेल तर नेमकी दाखविते. ज्याला नाव नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हाताऱ्या बायका आरतीआधी ज्या ओट्यावर टेकतात त्या ओट्याला यंत्राच्या कोशात शब्द नाही.

असे लिहिताना मी यंत्राची थट्टा करीत आहे असा समज होऊ नये. ज्यांनी जुन्या कचेऱ्यांचे उंबरे झिजविले आहेत त्यांना ही सोय किती मोठी आहे हे ठाऊक आहे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तेलंगणात जी व्यवस्था सुरू झाली तिच्यात पंच्याहत्तर चौरस यार्डांपर्यंतच्या जागेवरील लहान घराला परवान्याचीच गरज ठेवली नव्हती, एक रुपया भरून नोंद केली की झाले. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील दहा मीटरपर्यंत उंचीच्या घराला मालकाच्या स्वतःच्या प्रतिज्ञेवर तत्काळ मान्यता होती, आणि त्याहून मोठ्या कामाचा निकाल एकवीस दिवसांत लागला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे असा कायदा होता. 2025 च्या मार्चमध्ये 'बिल्डनाऊ' या नावाने तिच्याही पुढची व्यवस्था आली. टेबलाखालून हात पुढे करणारा मनुष्य वाटेतून दूर झाला तर गरिबाला त्याचे दुःख का व्हावे? यंत्र जात विचारीत नाही, ओळख पाहत नाही, दिवाळीची भेट घेत नाही. हे सारे मी मनःपूर्वक मान्य करतो. जे मान्य करता येत नाही ते वेगळेच आहे.

आणि ते नवेही नाही. नियमांनी घर तपासण्याची विद्या आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे. 'मयमत' आणि 'मानसार' या ग्रंथांतील आयादि-गणित ज्यांनी पाहिले आहे त्यांना संगणकाच्या छाननीचे आश्चर्य वाटू नये. वास्तूच्या परिमाणाला तीनने गुणावे, आठाने भागावे, आणि उरलेली बाकी पाहावी : एक उरला तर ध्वज, दोन तर धूम, तीन तर सिंह, चार तर श्वान, याप्रमाणे वृष, खर, गज आणि काक. विषम बाकी शुभ, सम बाकी त्याज्य. सत्तावीस हात माप घेतले तर गुणाकार एक्याऐंशी, बाकी एक, म्हणजे ध्वज, उत्तम! अठ्ठावीस घेतले तर चौऱ्याऐंशी, बाकी चार, श्वान; स्थपतीने माप बदलावे. आय हा व्ययाहून अधिक भरला पाहिजे, नक्षत्र जुळले पाहिजे, अशी आणखीही गणिते आहेत. हे 'असे असेल तर तसे करावे' नव्हे तर दुसरे काय? अशिक्षित सहायकालाही हे गणित शिकविता येते, आणि म्हणूनच ते यंत्रालाही शिकविता येईल.

परंतु या गणिताने घर उत्तम होते असे जुन्या आचार्यांनी मानले होते काय? धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या, अकराव्या शतकातील 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात स्थपतीची चार अंगे सांगितली आहेत : शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाची वेळ आली की रणांगणावरील भित्र्यासारखा गळून जातो, अशा अर्थाचे विवेचन तेथे आहे. नुसत्या कर्मात निष्णात असलेल्याला शास्त्राचे डोळे नसतात. प्रज्ञा म्हणजे ग्रंथात नसलेला प्रसंग उभा राहिला असता सुचणारी बुद्धी. आणि या तिन्हींनंतर शील सांगितले आहे, कारण हे तिन्ही असूनही मनुष्य लोभाने, मत्सराने किंवा भयाने वाईट घर बांधू शकतो.

या चार अंगांनी आपले यंत्र मोजून पाहावे. शास्त्र त्याच्यापाशी कोणाही माणसाहून अधिक आहे. तो नियम विसरत नाही, थकत नाही, शेवटच्या पानावरील अपवादही त्याच्या ध्यानात राहतो. कर्माचा अंशही त्याला लाभला आहे, कारण अनुभवी माणसांचा अनुभवच त्याच्यात नियमरूपाने भरलेला असतो, आणि हल्लीची यंत्रे तर असंख्य नकाशे वाचून शिकतात. प्रज्ञेविषयी विद्वानांत वाद आहे. तो वाद मी त्यांच्यावर सोपवितो, आणि यंत्राला थोडी प्रज्ञाही आहे असे घटकाभर धरतो. शिलाचे काय? कोणी म्हणेल, यंत्राला लोभ नाही, म्हणून ते शीलवान. पण लोभ नसणे म्हणजे शील नव्हे. लोभ तर पायरीच्या दगडालाही नसतो. ज्याला लोभ होऊ शकला असता आणि ज्याने तो आवरला, ज्याला घर कोसळल्याची लाज वाटू शकते, ज्याला रस्त्यात अडवून 'असे का केलेस?' म्हणून विचारता येते, त्याच्याच बाबतीत शील या शब्दाला अर्थ आहे.

हा शब्दच्छल वाटत असेल तर हैदराबादेच्या पाण्याकडे पाहावे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुशी नदीला पूर आला आणि हजारो माणसे मेली. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशे माणसे तेवढी वाचली असे सांगतात. ते झाड पुढे शंभर वर्षांनंतरही लोक दाखवीत असत. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, आणि त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) हे जलाशय उभे राहिले. विश्वेश्वरय्या तज्ज्ञ होते, पण त्यांचा सल्ला 'विश्वेश्वरय्यांचा' होता. तो चुकला असता तर कोणाचे नाव घ्यावे हे शहराला ठाऊक होते. या दोन जलाशयांच्या सभोवार दहा किलोमीटरांच्या आत मोठी बांधकामे होऊ नयेत असा आदेश 1996 मध्ये निघाला. 2022 मध्ये तो मागे घेणारा दुसरा आदेश निघाला. कोणता आदेश योग्य हा वाद येथे नको. परंतु छाननीचे यंत्र पहिल्या आदेशाचे जितक्या निष्ठेने पालन करील तितक्याच निष्ठेने दुसऱ्याचेही करील हे उघड आहे. पाण्याचा उतार मात्र दोन्ही दिवशी तोच होता.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये शहरात पुन्हा पाणी शिरले. जुन्या तळ्यांच्या पोटात वसलेल्या वसाहती दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यांतील एखादे घर भूखंडाच्या हद्दीपुरते पाहिले तर अगदी निर्दोष असेल, चारी बाजूंना हवी तेवढी मोकळी जागा, जिना बरोबर, खिडक्या बरोबर, आणि तरीही ते घर चुकीचे असेल, कारण ते जेथे आहे तेथे असावयास नको होते. नकाशावरची हद्द आपण काढतो; पाणी ती वाचीत नाही. पुढे 2024 च्या जुलैमध्ये तळ्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी 'हैड्रा' ही यंत्रणा स्थापन झाली आणि घरे पडू लागली. तेव्हा आमच्याजवळ परवाने आहेत, असा आक्रोश कित्येकांनी केला. परवाना देणारा म्हणे, कागद नियमात होते. घर घेणारा म्हणे, परवाना होता म्हणून घेतले. विकणारा तर केव्हाच निघून गेलेला. सगळेच नियमात, आणि छप्पर मात्र जमिनीवर. अशा वेळी ज्याचे घर गेले त्याने कोणाच्या दारात जाऊन बसावे?

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. 18 मे 2025 रोजी चारमिनारजवळ गुलझार हौज येथील एका जुन्या इमारतीला आग लागली. खाली दुकाने, वर राहते घर, आत जाण्यास एक बोळासारखा अरुंद मार्ग, वर जाण्यास एकच चिंचोळा जिना. सतरा माणसे गेली, त्यांत आठ लहान मुले. त्या इमारतीचा आराखडा आजच्या एखाद्या निर्विकार यंत्रापुढे आला असता तर त्याने पहिल्या क्षणी तो परत केला असता. जिन्याच्या रुंदीचा नियम आपल्याला जाच वाटतो. पण असा प्रत्येक नियम कोठल्यातरी घरातील आक्रोशानंतर लिहिला गेलेला असतो. तो विसरण्याची मुभा माणसाला असते, यंत्राला नसते, आणि येथे यंत्राचा उपकार मानावा तितका थोडा आहे. म्हणून नियम पाळू नयेत, प्रज्ञावंताला मोकळे सोडावे, असे जे काही मंडळी कलेच्या नावाखाली म्हणतात ते मला मुळीच पटत नाही.

येथे क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाची आठवण होते. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या ग्रंथात त्याने उदाहरण घेतले ते भारतातील एका खेड्याचे. त्या खेड्याच्या एकशे एक्केचाळीस गरजा त्याने मांडल्या आणि त्या परस्परांत कशा गुंतल्या आहेत हे पाहून त्यांचे गट पाडण्याचे काम संगणकाकडे दिले. जगभर या पद्धतीचे शिष्य निर्माण झाले. पण काही वर्षांतच, 1971 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, त्याने स्वतःच या पद्धतीच्या उपासकांपासून आपले अंग काढून घेतले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या एकशे एक्केचाळीस गरजा यंत्राने शोधलेल्या नव्हत्या. गावाचे जिणे पाहून एका माणसाने त्या लिहिल्या होत्या. एकशे बेचाळिसावी त्याच्या नजरेतून सुटली असेल तर ती यंत्राला कोठून दिसावी?

आमच्या गोमंतकीय देवळांकडे पाहिले म्हणजे हाच विचार दुसऱ्या बाजूने मनात येतो. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. पुढे त्यांची जी देवालये झाली त्यांचे घुमट, त्यांच्या दीपमाळा, त्यांच्या कमानदार खिडक्या कोणत्या आगमात सापडतात? ग्रंथ हाती धरून परीक्षा घेतली असती तर त्यांतील कितीतरी भाग परत पाठवावा लागला असता. महाजनांनी आणि कारागिरांनी परिस्थिती पाहिली, मराठी, मुसलमानी आणि पोर्तुगीज बांधणीतून जे घ्यावेसे वाटले ते घेतले, आणि त्याचा भार आपल्या शिरावर घेतला. आज आपण त्यालाच परंपरा म्हणतो.

निर्णय दुसऱ्यावर सोपविण्याची सवय आपल्याला नाही असेही नाही. आपण देवाला कौल लावतो. पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग यंत्राचा कौल घेतला तर काय बिघडले, असे एका तरुण सदस्याने बैठकीत थोड्या थट्टेने विचारले. दादा हसले नाहीत. ते म्हणाले की, कौलाआधी गाऱ्हाणे असते. सर्वांसमक्ष, मोठ्याने, कोण विचारतो, काय विचारतो आणि कशासाठी विचारतो हे सांगावे लागते. लपवून ठेवलेला प्रश्न देवापुढे मांडता येत नाही. मला माझ्या आजीचे बोलणे आठवले : जे डोळ्यांना दिसते ते देवाला विचारू नये. कौल हा विचार संपल्यावर घेतात, विचाराऐवजी नव्हे. आणि कौल मिळाल्यावरही काम करणारे हात आणि घेतलेली जबाबदारी महाजनांचीच राहते. पुढे भिंत पडली तर 'देवाने सांगितले होते' असे म्हणून कोणी महाजन सुटत नाही. आम्ही तर गाऱ्हाणे न घालताच कौल घेऊन बसलो होतो.

त्या बैठकीत ठराव झाला नाही. दादांनी आणखी एकच प्रश्न विचारला, "उदक खंय वता?" पाणी कोठे जाते? वास्तुविशारदाने पर्जन्यजलाचा खड्डा दाखविला. तो नियमाप्रमाणे होता. दादा म्हणाले, आपल्या जागेतले नव्हे, वरच्या अंगाचे.

पुढच्या रविवारी, आदल्या रात्रीचा पाऊस थांबला नव्हता तोच, आम्ही चौघे छत्र्या घेऊन जागेवर गेलो. शेजारच्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ शेळ्या घेऊन आडोशाला उभे होते. त्यांना तेलुगूत विचारले. त्यांनी काठीने आमच्या जागेचा ईशान्येकडचा कोपरा दाखविला आणि सांगितले की, त्यांच्या लहानपणी तेथे कुंटा होती, लहानसे तळे, म्हशी बसत. आता ती बुजली आहे, पण मोठ्या पावसात पाणी अजून वाट शोधीत तिकडेच येते. आमच्या आराखड्यात त्याच कोपऱ्यावर स्वयंपाकघर आणि भोजनाची जागा होती. ईशान्य शुभ म्हणून ती दिशा आम्हीच मागितली होती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

वास्तुविशारद बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत उभा राहिला. नंतर त्याने विचारले, हे मी नकाशात कोणत्या नावाने दाखवू? त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याने ते मोकळी जागा म्हणून दाखविले.

दुसरा आराखडा पंधरा दिवसांत झाला. सभामंडप नैर्ऋत्येकडे सरकला, जोते दोन फुटांनी उंचावले, मंडपाची लांबी कमी झाली, खर्च वाढला. बायकांसाठी एक ओटाही आला. त्याला यंत्राने पायरी समजून मोजले. संगणकाच्या छाननीत हा आराखडाही निर्दोष ठरला, आणि दोन्ही आराखड्यांवरील शेरे शेजारी ठेवले असता शब्दाचाही फरक नव्हता. दादांच्या सूचनेवरून ठरावाच्या वहीत एक नवे पान घातले गेले. निर्णय काय, तो का, आणि कोणी घेतला हे त्यावर लिहिले आहे, आणि खाली वास्तुविशारदासह अकरा जणांच्या सह्या आहेत. बारावे सदस्य वाढलेल्या खर्चामुळे अद्याप नाराज आहेत. आपले मत विरुद्ध होते एवढे त्यांनी त्याच पानावर स्वहस्ते लिहून ठेवले आहे.